डावीकडची पट्टी

उत्तम पेंटरच्या रेघेत खोट काढायची कुणाची छाती नव्हती. माणूस तसा कटकट्या, नाकावर माशी बसू न देणारा. पण भिंत असो, टेम्पोचा पत्रा असो की पतपेढीचा बोर्ड, निळीत भिजवलेलं सूत दोन टोकांना ताणून त्याने एकदा फटका मारला, की उमटलेली रेघ बघत राहावी. शाळेत पोरं आधी अक्षरं काढतात आणि मग वरून रेघ ओढतात. उत्तमचं उलट होतं. रेघ आधी, अक्षरं मागाहून. आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे, असं तो सांगायचा. तीस वर्षं तो अशीच अक्षरं वाळत घालत आला होता, आधी लालबागला आणि मग मीरा रोडला सिल्व्हर पार्कात बिऱ्हाड आणल्यावर इथे.

मग फ्लेक्स आले. कॉम्प्युटरवर बसलेल्या कुणीतरी बटण दाबायचं आणि तासाभरात वीस फुटांचा बोर्ड फोटोसकट गुंडाळून हातात. दोन हजार सात उजाडेपर्यंत उत्तमकडे अक्षरांचं काम जवळजवळ उरलंच नव्हतं. ग्रिलला रेडऑक्साइड मार, सोसायटीच्या टाकीवर 'पिण्याचे पाणी' लिही, असली कामं. त्याचा त्याला राग यायचा, आणि तो राग घरी बायकोवर, मनोरमेवर निघायचा. ती बिचारी ऐकून घ्यायची, आणि कधी ऐकून नाही घ्यायची.

अशा दिवसांत गुणवंतभाईंनी बोलावलं. गोडदेवच्या पुढे इंडस्ट्रियल इस्टेटीत त्यांचा गाळा. स्टीलच्या वाट्या आणि ताटं व्हायची. दोन मोठे प्रेस होते, दोन्ही चीनहून आलेले, पण वेगवेगळ्या कंपन्यांचे. खालच्या साच्यावर पत्र्याची चकती ठेवायची, बटण दाबायचं, वरून दट्ट्या उतरायचा, वाटी तयार. दुसरं बटण दाबलं की दट्ट्या वर. खाडीच्या खाऱ्या हवेने एक नंबरच्या प्रेसचा रंग पार खाल्ला होता.

"उत्तमभाई, एकदम नया कर दो," गुणवंतभाई म्हणाले. "और ये चायना का अक्षर भी. पार्टी आती है, देखती है. इम्पोर्टेड दिखना चाहिए."

मशीनच्या कपाळावर एक लांब पट्टी होती, तिच्यावर आठ अक्षरं. बटणं शेजारी-शेजारी होती आणि प्रत्येक बटणाच्या डोक्यावर एकेक चौकोनी पट्टी, एकेका अक्षराची. अक्षरं पत्र्यात खोदलेली, आतला रंग उडालेला. उत्तमने तिन्ही पट्ट्या स्क्रू काढून सोडवल्या आणि 'जागेवर नीट काम होणार नाही' म्हणत घरी आणल्या. खरं म्हणजे जागेवर झालं असतं. पण कितीतरी महिन्यांनी अक्षरं हातात आली होती. त्याला ती घाईत संपवायची नव्हती.

दोन दिवस तो जेवणाच्या टेबलावरून उठला नाही. आधी त्याने ती आठ अक्षरं कागदावर उतरवून पाहिली. एकेक अक्षर म्हणजे भरलेला संसार, पण प्रत्येकाला जागा तेवढीच, एक चौकोन. दोन रेघांचं असो की पंधरा रेघांचं, चौकोनाबाहेर पाय काढायचा नाही. कुठे रेघ सुरू होताना जाड, सुटताना बारीक. त्यावरून हात कुठून कुठे गेला असेल हे तो ओळखू लागला. आडवी आधी, उभी नंतर. डावी आधी, उजवी नंतर. अर्थ शून्य कळत होता, पण हात कळत होता, आणि ते त्याला पुरेसं होतं.

"अहो, जेवताय की त्या पट्ट्याच चाटताय?" मनोरमा म्हणाली.

"तुला नाही कळायचं. हे कुणातरी माझ्यासारख्याने लिहिलंय."

"मग त्याचीही बायको वैतागली असेल."

तो हसला. त्या घरात तो बऱ्याच दिवसांनी हसत होता, म्हणून तिनेही पुढे काही बोलणं वाढवलं नाही.

बटणांच्या दोन पट्ट्या त्याने शेवटी घेतल्या. उजव्या बटणाच्या अक्षराला वर लांब आडवी रेघ, तिच्यातून खाली उतरलेली दांडी, दांडीला उजवीकडे एक ठिपका. कसं छान, रेघेला टांगलेलं अक्षर, आपल्यासारखं. डाव्या पट्टीवर मात्र रेघ तळाला होती. तिच्यावर दांडी उभी, दांडीला बाजूला छोटी आडवी काडी. उत्तमने ती पट्टी हातात घेऊन पाहिली, उलटी केली, पुन्हा पाहिली. उलटी केल्यावर रेघ वर आली, दांडी खाली लोंबली, आणि शेजारच्या पट्टीची जुळी बहीण दिसायला लागली. पट्टी चौकोनी, स्क्रूची भोकं दोन्ही अंगांना सारखी. म्हणजे ज्याने कुणी बसवली त्याने उलटी बसवली होती!

त्याला कोण आनंद झाला. एवढी मोठी मशीन बनवणारे लोक, आणि पट्टी उलटी लावतात. आणि ती चूक कुणी पकडली, तर लालबागच्या उत्तम पेंटरने. त्याने लाल रंग भरला, रविवारी गाळ्यावर जाऊन तिन्ही पट्ट्या बसवल्या, डावी सरळ करून. गाळा बंद होता, वॉचमनने दार उघडून दिलं. हिरव्या नव्या रंगावर दोन लाल अक्षरं, दोघांच्या रेघा एका ओळीत. उत्तमने लांब जाऊन पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. मग हात पुसले आणि घरी आला.

सोमवारी अकराच्या सुमाराला तो दोन नंबरच्या प्रेसचं माप घ्यायला गेला, तेव्हा इस्टेटीच्या फाटकातून एक रिक्षा हॉर्न दाबत सुसाट बाहेर पडली. आत शिवदास होता. त्याचा डावा हात कुणाच्या तरी शर्टात गुंडाळलेला, आणि शर्ट कुठल्या रंगाचा होता ते कळत नव्हतं.

शिवदास खाडीकाठच्या राई गावचा. आजा-बाप मिठागरात राबलेले, आता मिठागरंही गेली आणि हा प्रेसवर आला. चाळिशीचा, थंड डोक्याचा माणूस. गेल्या आठवड्यात उत्तम मशीन घासत होता तेव्हा आपल्या डब्यातला सुका जवळा त्याने निम्मा उत्तमला वाढला होता. तो दोन नंबरवर काम करायचा. एक नंबरचा माणूस गावाला गेला, म्हणून त्या सकाळी त्याला एक नंबरवर उभं केलं होतं.

चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

गुणवंतभाईंनी गाळा बंद केला, दुपारी तीनला सरकारी इन्स्पेक्टर येणार होता. मशीन तपासायला मेकॅनिक जितेंद्रला बोलावलं होतं. दोन्ही प्रेस यानेच बसवलेले. मशिनी आणणाऱ्या कंपनीने त्याला महिनाभर चीनला ट्रेनिंगला पाठवलं होतं, तेव्हापासून तो बोलण्यात ते आणल्याशिवाय राहत नसे. इन्स्पेक्टरची वाट बघत तो फाटकाजवळच्या टपरीवर बसला होता. उत्तमही तिथेच बसला.

"काय झालं असेल?" उत्तमने विचारलं.

"होणार काय? सवय," जितेंद्र म्हणाला. "दोन मशिनींची बटणं उलटसुलट आहेत ना. दोन नंबरला डावं बटण म्हणजे खाली. एक नंबरला डावं म्हणजे वर. मी बसवताना सगळ्यांना घोकून घेतलंय, की बाबांनो, डावं-उजवं लक्षात ठेवू नका, अक्षर बघा. हा न बघता दोन नंबरसारखा चालवायला गेला असणार."

"अक्षर म्हणजे, ते त्यांना वाचता येतं?"

"वाचायचंय काय त्यात? हे बघा." जितेंद्रने सांडलेल्या चहात बोट बुडवून बाकड्यावर एक आडवी रेघ ओढली. "ही जमीन. जमिनीच्या वर काहीतरी उभं केलं, की झालं 'वर'. म्हणून रेघ तळाला. आणि रेघ डोक्यावर, तिच्याखाली काहीतरी काढलं, की 'खाली'. चिनी पोरगं पहिल्या दिवशी शिकतं. 'वर' लिहिताना आधी उभी दांडी, मग काडी, जमिनीची रेघ सगळ्यात शेवटी. मी लिहिलंय पानं भरून तिकडे."

उत्तम त्या ओल्या रेघेकडे बघत राहिला.

"त्यांची अक्षरं रेघेला टांगलेली नसतात?"

"टांगतील कशाला? उभी असतात. आपापल्या चौकोनात."

चहा वाळत चालला होता. उत्तमला ती सकाळ दिसू लागली. शिवदास दोन नंबरचा माणूस. सकाळी अनोळखी मशीनसमोर उभा राहिला असेल आणि शिकवल्याप्रमाणे त्याने डावीकडची पट्टी पाहिली असेल. रेघ डोक्यावर. म्हणजे डावं खाली, आपल्या मशीनसारखंच. मग उजवीकडचं बघायचं कशाला? बटणं दोनच, डावं खाली तर उजवं वर. त्याने चकती ठेवली, डावं दाबलं. दट्ट्या आधीच वर होता, तो हलला नाही. चकती नीट बसली नसेल, असं वाटून त्याने डावा हात आत घातला, आणि दट्ट्या वरच राहावा म्हणून, जपून, उजवं बटण दाबलं.

जपून. हा शब्द उत्तमच्या डोक्यात शिरला तो निघेना. त्या माणसाने पाहिलं होतं. बघूनच त्याचा हात गेला होता.

पावणेदोन वाजले होते. उठून समोरच्या ऑफिसात जायचं आणि गुणवंतभाईंना सांगायचं, एवढंच काम होतं. उत्तम उठला आणि ऑफिसात गेलाही.

"माझे ब्रश आत राहिलेत," तो म्हणाला. "कडक होतील."

गुणवंतभाई फोनवर होते. त्यांनी न बघता चावी पुढे सरकवली.

गाळ्यात शिरल्यावर त्याने दिवा लावला नाही. झरोक्यातून उजेड येत होता तेवढा पुरला. खालची फरशी कुणीतरी पाणी मारून धुतली होती, मशीन धुतली नव्हती. नव्या हिरव्या रंगावर, साच्याच्या काठावर, पट्टीच्या एका कोपऱ्यावरही शिंतोडे होते, सुकून काळपट झालेले. उत्तमने रॉकेलचा बोळा फिरवला. मग दोन स्क्रू सोडवले, पट्टी फिरवली, दोन स्क्रू आवळले. रेघ जमिनीला टेकली. सगळ्या कामाला चार मिनिटं लागली असतील. एवढं वाईट काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि हात जरासुद्धा कापला नाही, याचीच त्याला नंतर जास्त भीती वाटत राहिली.

तीन वाजता इन्स्पेक्टर आला. जितेंद्रने दोन्ही बटणं दाबून दाखवली, दोन्ही अक्षरं समजावून दिली. मशीन ठीक, पट्ट्या ठीक. 'कामगाराचे दुर्लक्ष' असं लिहून साहेब गेला. उत्तम दारात उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर, असं तो पुढे स्वतःला बरेच दिवस सांगत होता. पण ती पळवाट होती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

दोन नंबरच्या प्रेसचं काम त्याने घेतलं नाही. मनोरमेला वाटलं, रक्त पाहून धसका घेतला. त्याने तिला तसंच वाटू दिलं. जेवताना ताटाकडे बघत बसायचा. ताट स्टीलचंच होतं.

सव्वा महिन्याने शिवदासची बायको सावित्री दारात उभी राहिली. राईहून दोन बस बदलून आली होती. मनोरमेने पाणी दिलं, ते तिने हातात धरूनच ठेवलं.

"दादा, तुमी येकदा घरी चला," ती म्हणाली. "त्यो कुनाचा आयकत न्हाय. शेठ बोलतो, वॉचमन ठेवतो, पन लिवून दे का चूक माजी व्हती. कागूद फाईलीला लावायचाय. ह्यो लिवून देत न्हाय. बोलतो, मी बगलेला. रातंदीस येकच, मी बगलेला, मी बगलेला. येड लागंल त्याला."

"मी येऊन काय करू?"

"अक्षरा तुमी रंगवलीत ना. तुमी सांगितला तं मानंल त्यो."

मनोरमा म्हणाली, "जा हो. एवढ्या लांबून आलीय ती."

राईपर्यंत बसमध्ये उत्तमने मनाशी सगळं जुळवलं. सांगायचं. सावित्रीच्या देखत सांगायचं. पट्टी मी फिरवली, मला वाटलं उलटी आहे. नंतर पुन्हा मीच फिरवली. तुझी नजर चुकली नव्हती, शिवदास. तीन-चार वाक्यं होती. त्याने ती ओठांत पुटपुटूनही पाहिली. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं लिहून दिलेल्या माणसाला स्वतःची चार वाक्यं जड नव्हती.

घर खाडीच्या अंगाला, पुढे ओटा. शिवदास ओट्यावर बसला होता. डावा हात टॉवेलखाली. माणूस वाळला होता. उत्तमला बघून तो उठायला गेला, उत्तमने त्याला खाली बसवलं.

"बरा झाला आलात," शिवदास म्हणाला. मग इकडचं तिकडचं काहीच न बोलता त्याने कोळशाचा तुकडा उचलला आणि ओट्याच्या लादीवर काढलं. वर आडवी रेघ. खाली दांडी. दांडीला डावीकडे छोटी काडी.

 काडी डावीकडे. हे अक्षर जगातल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते फक्त एका सकाळपुरतं, एका मशीनवर होतं, आणि या माणसाने ते जसंच्या तसं डोक्यात ठेवलं होतं.

"मी ह्या बगलेला," शिवदास म्हणाला. "सगले बोलतान, आसा अक्षरच न्हाय. जितेन बोलतो, भास जाला. दादा, तुमच्या हातचा हाय. तुमी सांगा. रेग वर व्हती का खाली?"

सावित्री उंबऱ्यात उभी होती. तिने उत्तमकडे पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते स्पष्ट होतं: काहीही सांगा, पण याला सही करू द्या. घर चालू द्या.

उत्तमला वाट मिळाली. तिच्याच भल्यासाठी, त्याच्याच नोकरीसाठी, कागद व्हायला हवा म्हणून. असली कारणं आयत्या वेळी कशी धावून येतात. खरं कारण एकच होतं. त्याला भीती वाटत होती. पोलिसांची, आणि त्याहून जास्त, समोरच्या माणसाच्या नजरेची.

"खाली होती," तो म्हणाला. "रेघ खालीच होती, शिवदास."

शिवदासने लादीवरच्या अक्षराकडे पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं नाही, हेच वाईट झालं. पुन्हा विचारलं असतं तर कदाचित.

"मंग माजंच डोलं फुटलं," तो म्हणाला. तळव्याने त्याने अक्षर पुसून टाकलं. "तुमी खोटा कशाला बोलाल. सावित्री, कागूद आन. दादांचा अक्षर चांगला हाय, त्यांनाच लिवू दे."

सावित्रीने वहीचं पान फाडून आणलं, पेन आणलं. तिचा चेहरा मोकळा झाला होता. ती चहा टाकायला आत गेली आणि आतून तिने साखर किती विचारलं.

उत्तमने ओट्यावरचा पाट मांडीवर घेऊन त्यावर पान ठेवलं. सवयीने आधी रेघ ओढली, मग तिला अक्षरं टांगली. 'मी शिवदास, राहणार राई, लिहून देतो की एक नंबरच्या मशीनवर झालेला अपघात माझ्याच चुकीमुळे झाला. पट्टीवरील अक्षर बरोबर होते. मी नीट पाहिले नाही. याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' चार ओळी, चारी एका सुतात. त्याने वाचून दाखवलं. 'मी नीट पाहिले नाही' या वाक्याला शिवदासने मान खाली घातली.

"द्या," तो म्हणाला. "सई येते मना."

पाट आपल्या पुढ्यात ओढून, उजव्या हातात पेन धरून त्याने पहिलं अक्षर काढायला घेतलं, आणि पान सरकलं. पुन्हा काढायला गेला, पुन्हा सरकलं. टॉवेल बाजूला झाला होता. बोटं नसलेला तो हात सवयीने पान धरायला पुढे आला आणि मध्येच थांबला. शिवदास ओशाळल्यासारखा हसला.

उत्तमने आपला डावा पंजा पसरून पान पाटावर दाबून धरलं.

शिवदास हळूहळू, एकेक अक्षर लावत सही करू लागला. शाळेत शिकवतात तशी, आधी अक्षरं, रेघ शेवटी. तिसऱ्या अक्षराला उत्तमचा पंजा सैल पडला आणि पान किंचित हललं.

"दादा," शिवदास मान वर न करता म्हणाला, "जरा घट्ट दाबून धरा."